उभ्या टँकरची घरघर

मित्रांनो, शाळेतून येताना तुम्ही ज्याच्या तोटीखाली ओंजळ धरता आणि पाणी पिऊन झालं की ज्याच्या पोटावर दोन थापा मारून पळता, तो मी एक जुना टँकर आहे. थापांचा मला राग नाही. त्या आवाजावरून आत पाणी किती उरलंय ते साऱ्या टेकडीला कळतं, आणि कोणीतरी आपली विचारपूस करतंय असं मलाही वाटतं. तुम्हाला वाटत असेल, हा झाडासारखा इथेच उगवला. तसं नाही. मी आयुष्यभर धावलो, आणि धावत नव्हतो तेव्हाही थरथरत होतो. स्वस्थ उभं राहणं मला फार उशिरा मिळालं, तेही एका बाईच्या रागामुळे. ती हकीकत सांगतो. आधी तोटी तेवढी बंद करा.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. चाकं, इंजिन आणि केबिन मोठ्या कारखान्यात. पोट मात्र एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कारखान्यात मी एका पट्ट्यावरून पुढे सरकत राहिलो, आणि ज्याच्यासमोर येईन तो मला काहीतरी जोडून तोंड फिरवायचा. वेल्डरचं तसं नव्हतं. एकेक सांधा झाला की तो मागे सरून, मान वाकडी करून बघायचा. शेवटी पोटात पाणी भरून तो बाहेरून बोटांनी चाचपत फिरला. "गळायला लागलास तर माझं नाव सांगू नकोस," असं मला दम देऊन म्हणाला. मी कधी गळलो नाही, त्यामुळे त्याचं नाव सांगायची वेळच आली नाही. चांगलं काम करणाऱ्यांची नावं अशीच मागे राहतात.

मग मी महापालिकेच्या सेवेत रुजू झालो आणि नानांच्या हाती आलो. नाना म्हणजे माझे ड्रायव्हर. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या आणि माझा रंग निळा होता. दोन्ही गोष्टी आता सांगूनच पटवाव्या लागतात. आमचं काम एकच. खाली पाणी भरायचं आणि या टेकडीवर आणून द्यायचं. नळ टेकडीच्या पायथ्यापर्यंत येतो आणि तिथे दमतो. वर चढायची आमच्याच अंगात ताकद होती.

वर रांगेची मुकादम होती अक्का, नानांची मोठी बहीण. ती घरी कपडे शिवते आणि बाहेर माणसं सरळ करते. मी वळणावर दिसलो की ती गळ्यातली टेप तशीच लोंबकळत ठेवून बाहेर यायची, आणि कोणी मध्ये घुसला तर त्याचा हंडा उचलून रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवायची. सख्ख्या भावालाही सवलत नव्हती. नाना म्हणायचे, "अक्का, एक चहा तरी." ती म्हणायची, "रांग संपू दे. तुझा चहा शेवटून पहिला."

मित्रांनो, तो काळ माझा वैभवाचा होता. मी वर पोचलो की पोरं ओरडायची, म्हातारी माणसं उठून बसायची. एवढं स्वागत मी कुठल्या मंत्र्याचंही पाहिलेलं नाही, आणि मंत्री रिकाम्या हातांनी येतात.

पुढे माझा सेल्फ बिघडला. सेल्फ म्हणजे ज्याच्यामुळे किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं तो भाग. वस्तू लहान, पण ती नसली की एवढं मोठं धूड जागचं हलत नाही. नानांनी गॅरेजमध्ये सांगितलं. गॅरेजवाले म्हणाले, येईल. पुढच्या वर्षी नानांनी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, येणारच आहे. माझी मागणी कोणी नाकारली असती तर भांडता तरी आलं असतं. पण जे येणारच आहे त्याच्यासाठी भांडायचं कसं?

तेव्हा नानांनी आपली युक्ती काढली. गाडी नेहमी उतारावर उभी करायची, चाकाखाली दगड लावायचा. निघताना दगड काढायचा, गाडी आपोआप घरंगळते, दुसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडला की इंजिन खोकून जागं होतं. टेकडीवर उतारांना तोटा नव्हता. पण जिथे जमीन सपाट, तिथे नाना इंजिन बंदच करत नसत. पाणी भरताना चालू, चहा पिताना चालू, कोणाशी बोलत उभे राहिले तरी चालू. पेटलेली चूल विझू नये म्हणून जसं एखादं माणूस घराबाहेर पडत नाही, तसे नाना माझ्या घरघरीच्या हाकेच्या पलीकडे जात नसत. आणि मी? मला उभं असताना विसावा नाही आणि थरथरताना कुठे जायचं नाही, अशी माझी गत. माझा एकही नट त्या काळात स्वस्थ झोपला नाही.

आणखी एक दुरुस्ती सांगायची राहिली. माझा धूर आधी खालून, चाकांजवळून निघायचा. बसथांब्यावरच्या लोकांनी तक्रार केली की पाय काळे होतात. या तक्रारीची मात्र लगेच दखल घेतली गेली. धूर कमी करणं अवघड होतं. उंच करणं सोपं होतं. त्यांनी माझा सायलेन्सर केबिनच्या मागून वर नेला, आणि धूर माणसाच्या डोक्याच्या बराच वरून जाऊ लागला. सगळे म्हणाले, आता कसं मोकळं वाटतंय.

मग ते वर्ष आलं. हवा थांबली. ती थांबली म्हणजे काय ते तुम्हाला आठवत असेल. सूर्य दुपारीच शिळा दिसायचा. दोरीवरचे धुतलेले कपडे काढले की पुन्हा धुवायला टाकावेसे वाटायचे. लोक एकमेकांना "काय म्हणता?" विचारायच्या आधी खोकायचे, आणि उत्तर देणाराही आधी खोकायचा, निम्मं बोलणं त्यातच उरकायचं. गिरण्या, भट्ट्या, मोटारी, जळता कचरा या सगळ्यांचा धूर वर्षानुवर्षं वारा वाहून नेत होता. वाऱ्याने काम थांबवलं तेव्हा कळलं की सारं शहर त्या एकट्याच्या जिवावर चाललं होतं.

आणीबाणी जाहीर झाली. शाळा बंद. बांधकामं, गिरण्या बंद. कचेऱ्यांत निम्मी माणसं. जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर दिसल्या की जप्त. हा हुकूम ऐकून मी हादरलो, कारण माझ्याइतकं जुनं डिझेल साऱ्या महापालिकेत दुसरं नव्हतं. पण त्याच दिवशी माझ्या काचेवर एक लाल कागद चिकटवला गेला. प्रदूषण निवारण, अत्यावश्यक सेवा. ज्या धुरासाठी बाकीच्या गाड्या पकडल्या जात होत्या, तो सोडत मी पोलिसांसमोरून ऐटीत गेलो, आणि एकाने मला सलामही केला.

मला नेलं शहराच्या मोठ्या चौकात. तिथे कपाटाएवढी एक खोली आहे. आत हवा तपासायचं यंत्र, छपरातून वर काढलेलं त्याचं नाक, आणि बाजूच्या खांबावर मोठा फलक. यंत्र हवा हुंगतं आणि फलकावर आकडा येतो. बरा असला तर हिरवा, मग पिवळा, मग लाल, आणि त्याच्याही पुढे जांभळा. शहरात असे फलक बरेच होते, पण चौकातला मुख्य. तो पिवळ्यावर आल्याशिवाय आणीबाणी उठायची नाही, असा नियम.

या सगळ्यावर नेमलेले साहेब वाईट नव्हते. इंजिनिअर होते, डोळे लाल, मास्क हनुवटीला. त्यांना दर थोड्या वेळाने वरून फोन यायचा आणि ते उभे राहून बोलायचे. ऑफिस समोरच होतं, पण ते दिवसातून कितीतरी वेळा खाली येऊन फलकाकडे बघून जायचे, जसा एखादा बाप निकालाच्या दिवशी पुन्हा पुन्हा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येतो. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं आकडेसाहेब.

त्यांनी फर्मान काढलं की धूळ बसवायची तर आधी यंत्राभोवतीची बसवा. त्या खोलीला लागून रस्त्यावर पिवळ्या रंगाने चौकोन आखला, आत लिहिलं: टँकरसाठी राखीव. माझ्या मागच्या भोकाभोकाच्या नळीतून रस्त्यावर पाणी सुटायचं. झाडांवर आणि खोलीच्या छपरावर पाणी मारायला पाइपवाला होता. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून तो असा फवारा उडवायचा की बघणारे थांबत. त्याला सगळे कारंजा म्हणत. नाना सोडून माझ्या आसपास हसणारा तो एकटाच.

मित्रांनो, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पखाल म्हणजे पाणी वाहायची कातडी पिशवी. नात्याने ती माझी पणजी लागते. तेव्हा आमच्या घराण्याला हा प्रकार नवा नव्हता. पण पणजीने निदान सुई टोचल्यावर पाण्याची चिळकांडी उडवून म्हशीला जाग तरी आणली असेल. मी जे पाणी टेकडीवर माणसांना द्यायचो तेच आता डांबराला पाजत होतो, आणि डांबर "आणखी" म्हणत नव्हतं की "पुरे" म्हणत नव्हतं.

चौक सपाट. म्हणजे इंजिन बंद करायचं नाव नाही. सकाळी मी चौकोनात शिरायचो आणि थरथरत उभा राहायचो. पोट रिकामं झालं की भरायला जायचं, परत चौकोनात, परत थरथर. माझं लक्ष तिथे नव्हतंच. सारखं वाटायचं, वळणावर कोणीतरी हंडा घेऊन उभं असेल.

खोटं नव्हतं ते. नानांचा फोन वाजायचा.

"नाना, पाणी कधी?"

"आकडा उतरला की, अक्का."

"कसला आकडा? लॉटरीचा?"

"हवेचा गं. पिवळा झाला की मला सोडतील."

"इथे घागरी पालथ्या पडल्यात आणि तू रंग बघत बसलायस? पायथ्यावरून पाणी चढवतोय आम्ही. या असल्या धुरात. शेजारचे आजोबा अर्ध्या चढावर बसले ते उठेनात. दोघांनी धरून आणले."

"अक्का, माझ्या हातात आहे का?"

"स्टीअरिंग कोणाच्या हातात आहे मग?"

फोन ठेवल्यावर नाना माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. दोघांपैकी थरथर नेमकी कोणाची, ते सांगणं कठीण होतं.

अखेर वारा आला. फार नाही; पण शहराला जरा पाठ सरळ करता आली. नदीकाठचा फलक पिवळा झाला, स्टेशनाजवळचा पिवळा झाला, गिरण्यांच्या भागातलाही झाला. चौकातला मात्र जांभळा तो जांभळाच. साहेब चक्रावले. त्यांनी फेऱ्या वाढवायला लावल्या. पाणी वाढलं तसा आकडा थोडा वाढलाच. मग त्यांनी चौकातला भेळवाला हलवला, एका म्हाताऱ्याची विडी विझवली, समोरच्या दुकानदाराला झाडू मारायची बंदी केली. आकडा ढिम्म. कोणीतरी म्हणालं, यंत्रच बिघडलं असेल. यंत्र तपासणारे आले, तपासून गेले, म्हणाले, यंत्र अगदी प्रामाणिक आहे. साहेबांचा चेहरा असा पडला की वाटलं, ही बातमी त्यांना सर्वांत वाईट वाटली असावी.

वरून फोन आला की साहेब मला दाखवून द्यायचे. फोन माझ्या बॉनेटजवळ धरून म्हणायचे, "ऐका सर, चालू आहे. एक मिनिट खंड नाही." माझी घरघर हाच कामाचा पुरावा. वरचे समाधानाने म्हणायचे, असंच चालू ठेवा.

एके दिवशी सकाळी मी भरून येऊन चौकोनात उभा राहिलो, तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला गर्दी दिसली. पुढे अक्का. गळ्यात टेप तशीच. मागे अख्खी टेकडी: कळश्या, कॅन, बादल्या, एका हातगाडीवर ड्रम.

कारंजा म्हणाला, "नाना, मोर्चा आलाय की वरात?"

नाना म्हणाले, "माझी बहीण आलीय. दोन्हीपेक्षा वाईट."

अक्का माझ्याजवळ आली आणि तिला ठसका लागला. माझ्या सायलेन्सरच्या नळीतून निघालेला धूर वाऱ्याने खाली दाबला होता. ती खोकत राहिली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तशीच दाराच्या काचेवर थाप मारून ओरडली, "आधी हे धूड बंद कर!"

"बंद केलं तर परत सुरू व्हायचं नाही, अक्का. सपाटी आहे."

"नको होऊ दे! मला बोलायचंय तुझ्याशी, आणि मी याच्यावर आवाज चढवणार नाही. बंद कर."

"साहेब बघताहेत वरून..."

"साहेबांना खोकला येत नसेल. मला येतोय."

नानांचा हात स्टीअरिंगवरच राहिला. मग अक्काने दार उघडलं, पायरीवर चढली, आणि लहानपणी भावाच्या हातातून काठी काढून घेतली असेल तशा सहजपणे आत हात घालून इंजिन थांबवायची दांडी खेचली.

मी थांबलो.

मित्रांनो, ते कसं सांगू? किती वर्षांनी भर दिवसा, सपाट जमिनीवर, मी गप्प होतो. मला पहिल्यांदा चौक ऐकू आला. कबुतरं होती तिथे. एका खिडकीत कोणीतरी बाळाला ओरडत होतं. दूर कुठे कुकरची शिट्टी झाली. माझ्या अंगातला एकेक पत्रा निवत होता आणि टिकटिकत होता.

त्या शांततेत अक्का बोलली ते मात्र साऱ्या चौकाला ऐकू गेलं. "रस्त्याला तहान लागत नाही, नाना. रांग लावा रे!"

कारंजाने पाइप खाली टाकला, माझी तोटी सोडली आणि पहिली कळशी तिच्याखाली धरली. रांग लागली. अक्का तिच्या जागी उभी राहिली. एका दुकानदाराने बाटली घेऊन मध्ये घुसायचा प्रयत्न केला. ती बाटली रांगेच्या शेपटाला गेली. माझं पोट हळूहळू हलकं होत होतं, आणि किती दिवसांनी वाटलं की आपण कामावर आहोत.

कोणाचंच वर लक्ष नव्हतं. फलक आधी जांभळ्याचा लाल झाला. बराच वेळ लालच राहिला. शेवटचा ड्रम भरत होता तेव्हा पिवळा झाला.

साहेब जिना उतरून धावत आले. मास्क एका कानाला लोंबत होता. "उतरला! नाना, उतरला! मी म्हणत होतो ना, फवारणीला पर्याय नाही!" मग त्यांनी खाली पाहिलं. रस्ता कोरडा ठणठणीत. "फवारणी कुठाय?"

"आज झाली नाही, साहेब," नाना म्हणाले.

"झाली नाही? मग पाणी?"

"आम्ही नेलं," अक्का म्हणाली. "ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा. हा माझा धाकटा भाऊ आहे, याला काही कळत नाही."

साहेब ओरडले नाहीत. ते गोंधळले होते. तेवढ्यात वरून फोन आला आणि ते ताठ उभे राहिले. "होय सर. उतरला सर. काय केलं? ते... होय सर, जे केलं तेच पुन्हा करतो." फोन ठेवून त्यांनी अक्काला, अगदी विद्यार्थ्याच्या आवाजात, विचारलं, "तुम्ही नक्की काय केलंत?"

"पाणी भरलं."

"आणखी?"

"भांडले."

याची अंमलबजावणी शहरभर कशी करायची याचा ते विचार करत असावेत. शेवटी म्हणाले, "बरं. आधी टँकर भरून आणा. बघू."

मला हलवायचं म्हणजे धक्का. पोट रिकामं होतं म्हणून बरं. टेकडीने कळश्या खाली ठेवल्या आणि पाठीला हात लावला. भेळवाला आला, विडीवाला म्हातारा आला, आणि बाह्या सावरत साहेबही आले. "हं, एकदम!" कारंजा ओरडला. "साहेब, तुम्ही नुसता हात ठेवलाय. जोर लावा की!" मी सरकलो, गडगडलो. नानांनी क्लच सोडला. मी एकदा खोकलो, दोनदा खोकलो, आणि तेवढ्या वेळ आत कोंडलेलं सगळं वरच्या नळीतून एकदम बाहेर फेकलं. काळा, दाट लोळ. तो उंच गेला नाही. आडवा झाला आणि बाजूच्या खोलीच्या छपरावरच्या त्या प्रामाणिक नाकावर जाऊन बसला.

आपण बंद पडू या भीतीने नानांनी मला जागीच रेस केलं. आणखी एक लोळ. नाक हुंगत राहिलं.

फलक पिवळ्याचा लाल झाला. मग, सगळ्यांच्या देखत, जांभळा.

साऱ्या चौकाची नजर फलकावरून नाकाकडे, नाकावरून नळीकडे आणि नळीवरून त्या पिवळ्या चौकोनाकडे आली, जिथे साहेबांच्याच अक्षरात लिहिलं होतं: टँकरसाठी राखीव.

अक्का म्हणाली, "म्हणजे इतके दिवस हा आपल्याच धुराला पाणी पाजत होता?"

कारंजा हसायला लागला तो रस्त्यावर बसूनच. साहेब हसले नाहीत. त्यांच्या हाताला माझा काळा रंग लागला होता, तो ते रुमालाने पुसत राहिले. मग नानांच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "टेकडीवर न्या. आत्ता. आणि परत येताना... घाई करू नका."

आम्ही भरलो आणि वर आलो. किती दिवसांनी ते वळण! पोरं ओरडली. अक्का आणि मंडळी कळश्या, ड्रम घेऊन आधीच पोचली होती. कारंजा तर हातगाडी ढकलत आला होता. संध्याकाळी बातमी आली की फलक पुन्हा उतरला आणि आणीबाणी उठली. फवारणीच्या यशाबद्दल वरच्यांनी स्वतःचं अभिनंदन केलं होतं. गिरण्यांची भोंगेबाजी पुन्हा सुरू झाली, बांधकामांवरची धूळ उठली. आकडा उतरला होता, मित्रांनो. बाकी सगळं होतं तिथेच होतं, फक्त आता त्याच्याकडे बघायचं कारण उरलं नव्हतं.

मी अक्काच्या दारासमोर, जिथे आज उभा आहे तिथे, रांगेसाठी थांबलो होतो. टेकडीवर सपाट अशी हीच एक जागा, म्हणून इंजिन अर्थात चालू. नानांचा फोन वाजला. साहेब होते.

"नाना, वरून आदेश आलाय. फवारणी यशस्वी झाली, म्हणून कायम ठेवायची. टँकर उद्यापासून रोज चौकात."

समोर रांग होती. अक्का एका मुलीची बादली तिच्या डोक्यावर चढवून देत होती. आणि त्या गडबडीत आमच्या नानांनी, ज्यांनी इतकी वर्षं मला सपाटीवर एकदाही विझू दिलं नव्हतं, सावकाश हात पुढे केला आणि दांडी स्वतः खेचली.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "आलो असतो. पण गाडी सुरू होत नाही."

"धक्का मारा."

"भरलेली आहे, साहेब. आणि सपाटी आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "म्हणजे सेल्फ मागवावा लागेल."

"मागवावाच लागेल."

"त्याला वेळ लागतो ना?"

"वर्षं लागतात, साहेब."

"मग नियमाप्रमाणे," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा मोकळा वाटला, "गाडी दुरुस्त होईपर्यंत वस्तीला दुसरा टँकर द्यावा लागेल. नवा. तुम्हीच चालवा. चौकात काय, एक गाडी बंद पडली असं कळवतो."

तेव्हापासून मी इथे आहे. नाना रोज नवा टँकर घेऊन येतात आणि माझं पोट भरून जातात. नव्याचं इंजिन बटणावर सुरू होतं, तरी नाना तो उतारावरच लावतात, चाकाखाली दगड घालून. माणसाचा विश्वास दुरुस्त व्हायला इंजिनापेक्षा जास्त वेळ लागतो. मला न्यायला भंगारवाले दोनदा आले. भरलेली टाकी उचलता येत नाही. अक्काने त्यांना विचारलं, "पाणी आहे आत. कुठे ओतू?" ते बघून गेले. रिकामी झाली की कळवा म्हणाले. ती होत नाही.

माझा सेल्फ अजून यायचा आहे.

या गोष्टीचं तात्पर्य काढायला गेलं तर पंचाईत होते. वेळच्या वेळी लहानशी दुरुस्ती झाली असती तर इतके दिवस टेकडी तहानली नसती, हे खरं. पण झाली असती तर मी आज इथे नसतो, हेही खरं. तेव्हा तात्पर्य तुमच्या गुरुजींवर सोडतो. मी फक्त तीन विनंत्या करतो. मोठे होऊन तुम्ही गाड्या चालवाल. उभे असाल तेव्हा इंजिन बंद करत जा. थांबलेलं माणूस आणि थांबलेली गाडी यांच्याभोवती काय काय ऐकू येतं, ते एकदा ऐकून बघा. आणि कोणी आकडा दाखवला तर त्याच्या शेजारी काय उभं आहे, तेही बघा.

शेवटची विनंती लहान आहे. पाणी पिऊन झालं की तोटी घट्ट बंद करा. एक थेंब जरी टपकत राहिला, तरी मला पुन्हा ती जुनी थरथर सुटते, आणि वाटतं, वळणावर कोणीतरी हंडा घेऊन उभं आहे.